उतारमिस्त्रीचं अडलेलं आतडं

त्या वस्तीतल्या निम्म्या घरांचं सांडपाणी या एका माणसानं वाटेला लावलेलं. नळ आणि गटारांचा मिस्त्री. तीस वर्षं तोंडात एकच वाक्य: "उतार द्या, बाकीचं आपोआप जातं." म्हणून लोक त्याला उतारमिस्त्री म्हणत, आणि त्याला ती पदवी वाटे. खिशात कायम पाणसळ, म्हणजे आत हवेचा बुडबुडा असलेली वीतभर पट्टी. कुणाच्या घरी गेला की आधी ती जमिनीवर ठेवायचा, बुडबुडा बघायचा आणि मग "कसं काय, बरंय ना?" विचारायचा.

हे कामापुरतं राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण त्यानं माणसाच्या पोटालाही तोच कायदा लावला. तोंड म्हणजे वरची टाकी, पोट म्हणजे मधलं चेंबर, पुढचं काय ते सगळ्यांना ठाऊक. तेव्हा जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, अर्धा तास ताठ उभं राहायचं. पाहुण्यांनीसुद्धा. जेवणं उरकली की त्या घरात सगळे भिंतीला पाठ लावून उभे, जशी काही उंचीच मोजायला आलेत.

बायको शिवणकाम करायची. तिनं एकदा मशीनवरूनच विचारलं, "अहो, गाय मान खाली घालून चरते. तिचा घास वर कसा चढतो?"

"जनावराचं वेगळं असतं."

"काय वेगळं? गळ्यात मोटर बसवलीय?"

"तू आपली चिंध्या शिव." वाद हरायला आला की हे त्याचं ठरलेलं उत्तर.

त्याचा दुसरा अभिमान वासाचा. संडासाखालच्या पाइपाला बाक देऊन त्यात पाणी अडवून ठेवतात, म्हणजे गटाराची हवा घरात शिरत नाही. तो बाक त्याच्यासारखा कुणी बसवत नसे. हाही नियम त्यानं घरच्या माणसांना लावला. जावई लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आला, बिचारा पोटभर जेवला, आणि उठताना त्याच्याकडून एक बारीकसा आवाज झाला. मिस्त्रीनं भिंतीकडे, मोरीकडे, छताकडे बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "गळती कुठंय?" जावई त्यानंतर दीड वर्ष त्या घराची पायरी चढला नाही. मुलगी एकटीच यायची आणि अर्धा तास उभी राहून जायची.

मग एके दिवशी लोखंडी पाइप खांद्यावर घेताना मिस्त्री कळवळून खाली बसला. जांघेतली हर्नियाची जुनी गाठ त्यानं वर्षानुवर्षं लपवलेली. त्यात आतड्याचा एक वेढा अडकला होता. दवाखान्यात पोट उघडलं, काळं पडलेलं वीतभर आतडं कापलं आणि उरलेली टोकं जोडली.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिला प्रश्न कामाचाच विचारला. "डॉक्टर, जोड कसला टाकला? सॉकेट?"

"शिवलंय. दोऱ्यानं."

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "पाइप कधी शिवतात का हो?"

बायको स्टुलावर सरसावून बसली. "टाके किती अंतरावर घातलेत?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी बोटानं अंतर दाखवलं. तिनं मान डोलावली. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण ती बोलतेय आणि तो गप्प आहे असं पहिल्यांदाच घडत होतं.

तिसरा दिवस गेला. चौथ्या सकाळी डॉक्टरांनी पोटावर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं. "अजून गप्प आहे. हात लागला की आतडी दोन-तीन दिवस हलायचं थांबतात. गॅस पास झाला की समजायचं सुरू झाली. मी पाचला येतो. तोवर नाही झालं तर पोटाचा एक्स-रे फोटो काढू. जोडापाशी अडलं असेल तर पोट पुन्हा उघडावं लागेल."

पुन्हा उघडावं लागेल! ज्यानं जन्मभर दुसऱ्याचा पाद ऐकून घेतला नाही, त्याच्या पादाकडे आता अख्खा वॉर्ड कान लावून होता. शेजारचा रुग्ण विचारायचा, "झालं का?" झाडूवाली विचारायची, "झालं का?" मिस्त्री डोळे मिटून घ्यायचा.

सासूच्या धाकानं जावई आला होता. मिस्त्रीनं त्याला जवळ बोलावलं. "जावईबापू, यांचा पलंगच सपाट आहे. उतारच नाही, तर माल सरकणार कसा? खाली बांधकाम चाललंय, चार विटा आणा."

जावयानं विटा आणल्या. उशाकडच्या दोन पायांखाली दोन-दोन. मिस्त्रीनं पाणसळ लावली. पट्टीतला बुडबुडा सरसर वर गेला. पोटातला होता तिथंच. मिस्त्री मात्र घसरत घसरत पायथ्याशी जाऊन बसला.

एवढ्यात सिस्टर आल्या. "हा पलंग कुणी चढवला?"

जावयानं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"काका, घास काही घरंगळत जात नाही, तो ढकलला जातो. उलटं लटकून गिळलात तरी पोटातच जाईल. नळीच्या भिंतीत स्नायू असतात, ते ढकलतात."

"चढाला? पंपाशिवाय?" मिस्त्री म्हणाला. "दाखवा मला."

सिस्टरांनी काही बोलायच्या आत बायकोनं पिशवीतून अर्धवट शिवलेला पायजमा काढला. नाडीला पिन लावली, पिन नेफ्याच्या एका तोंडात सारली आणि नेफा उभा धरला, ते तोंड खाली करून. "तुमच्या हिशेबानं पिन खालीच जायला पाहिजे ना? बघा आता." तिनं पिनेच्या मागं कापड चिमटीत आवळलं, पुढचं सैल सोडलं. परत मागं आवळलं, पुढं सैल. पिन एकेक बोट वर चढत गेली आणि वरच्या तोंडातून बाहेर आली.

"तुमच्या पोटात असा सहा-सात मीटर नेफा आहे. तो आपला आपण आवळतो आणि सोडतो. तुम्ही उभे राहा नाहीतर लोळा, तुम्हाला तो विचारत नाही. आता कापाकापीनं दमलाय. उठा, फिरवू त्याला."

"मावशींनी बरोब्बर सांगितलं," सिस्टर म्हणाल्या. "फिरा, आणि हे च्युइंगम चघळा. जेवण येतंय असं वाटून पोट जागं होतं."

"म्हणजे पोटाला फसवायचं?"

"तीस वर्षं त्याला उभं केलंत, आता थोडं फसवा," बायको म्हणाली.

विटा निघाल्या. मिस्त्री चघळत चालू लागला. एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला सलाईनचा दांडा धरून बायको. तीन वाजले. चार वाजले. साडेचारला व्हरांड्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या नळाशी तो थबकला. बेसिनखाली थेंब टपकत होता.

"बघितलंत? कुणा गाढवानं बसवलाय," म्हणत टाक्यांवर हात दाबून तो बघायला वाकला. मान पार खाली, गाईसारखी. आणि त्याच क्षणी झालं. बारीक नाही, चांगलं ऐसपैस.

जावयाच्या ओठांवर दीड वर्ष जपलेले दोन शब्द येऊन उभे राहिले. सासूनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं ते गिळले आणि वॉर्डाकडे धावत सुटला. "सिस्टर! मामांचं झालं!" चार खोल्यांतून डोकी बाहेर आली. शेजारच्या रुग्णानं टाळ्या वाजवल्या. मिस्त्री बेसिनखालून वर येईना.

पाचला डॉक्टरांनी पोट ऐकलं, हसले, आणि फोटोसाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी फाडून टाकली.

आता मिस्त्री कामावर जातो आणि सांगतो की ती विटांची करामत. परिणाम जरा उशिरा झाला, एवढंच. बायको ऐकते आणि नाडी ओवत राहते. जेवल्यावर घरात उभं राहणं मात्र बंद झालंय.

परवा जावई जेवायला आला. जेवण झालं तरी अवघडून बसला होता. मिस्त्री मोठ्या मनानं म्हणाला, "जावईबापू, संकोच करू नका. आपलंच घर आहे. होऊन जाऊ दे."

बायकोनं मशीन थांबवलं. जावयानं बराच प्रयत्न केला, लाल झाला.

"नाही होत, मामा."

"होणार कसं?" बायको म्हणाली आणि तिनं मशीन परत सुरू केलं. "सांगून होतं का ते?"