अर्ध्या मैदानाचे मास्तर

चेंडू मधली रेघ ओलांडून पलीकडे गेला, की आमचे मास्तर मैदानाकडे पाठ फिरवत आणि मांडीवरच्या शर्टाला बटण लावायला घेत. चेंडू परत अलीकडे आला, की सुई कॉलरला खोचून वळत आणि ओरडत, "हां, आते बोल!" पलीकडे काय झालं, बास्केट कोणी केली, कोण पडलं, हे ते कधी विचारत नसत. पहिली दोन वर्षं आम्हांला वाटलं, बास्केटबॉल शिकवायची हीच रीत असेल.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. नंदुरबारात गणपतीच्या देवळाशेजारी त्यांचं एका मशीनचं दुकान होतं. अंगाने किरकोळ, उंची जेमतेम पाच फूट, गळ्यात टेप. शिंपी बास्केटबॉल कसा काय शिकवायला लागला, असं तुम्हांला वाटेल. आमच्या प्राचार्यांना मात्र एका क्षणासाठीही तसं वाटलं नाही.

एकोणीसशे साठनंतरची पहिली वर्षं. गावात कॉलेज निघून दोन-तीनच वर्षं झाली होती. वरून पत्र आलं की प्रत्येक कॉलेजाने बास्केटबॉलचा संघ पाठवावा. पाठोपाठ एक चेंडू आणि दोन लोखंडी कडी आली. तो खेळ गावात कोणी पाहिलेला नव्हता. आमच्या पी.टी.च्या सरांना लेझीम आणि कबड्डी सोडून तिसरं काही येत नव्हतं. त्याच दिवशी मास्तर प्राचार्यांच्या कोटाचं माप घ्यायला आले होते. टेबलावरचं कडं पाहून म्हणाले, "साहेब, हाई तं मी दखेल शे."

दोन्ही हात पसरून माप देत असलेल्या प्राचार्यांनी त्याच अवस्थेत त्यांची नेमणूक करून टाकली.

मास्तर खोटं बोलले नव्हते, तो खेळ त्यांनी खरंच पाहिला होता. लढाईच्या काळात ते पलटणीचे शिंपी म्हणून आसामात होते आणि शेजारच्या छावणीत अमेरिकन सोल्जर रोज संध्याकाळी हा खेळ खेळत. एवढ्या अनुभवाचा माणूस सगळ्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

"पहिले माप, मंग बात," हे त्यांचं ब्रीद. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्हां सात खेळाडूंची मापं घेतली जात. हात, खांदा, पायाची आतली बाजू, मनगट. सगळं वहीत लिहायचे. मी संघात सर्वांत बुटका. माझं माप घेऊन झालं की ते वही मिटत आणि म्हणत, "तू पळत ऱ्हाय, भो." दोन वर्षांत त्यांनी मला दुसरं काही शिकवलं नाही, आणि आता वाटतं, शिकवण्यासारखं दुसरं काही नव्हतंही.

भटूची गोष्ट वेगळी होती. भटू रनाळ्याचा. सहा फूट चार इंच. पहिल्या वर्षाला दोनदा नापास झालेला. तिसऱ्यांदा झालास तर नांगर धर, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं. त्यातही त्यांची तक्रार अशी, की एवढा उंच माणूस मागे चालायला लागला तर बैल बुजतील. भटू मुळातच अबोल. दारातून आत येताना वाकायचा आणि आत आल्यावर सरळ व्हायला विसरायचा.

पहिल्याच सोमवारी मास्तरांनी त्याचे दोन्ही हात तीनदा मोजले. मग त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"तुन्हा डावा हात पाव इंच लांब शे. आजपासून डावा हातनी टाक."

"मास्तर, मी जेवतो उजव्या हाताने."

"जेवानं ते जेव. मी कुठे जेवाले सांगी ऱ्हायनू?"

पाव इंचावरून माणसाचा हात बदलणं हा शुद्ध वेडेपणा होता. पण तीन महिन्यांत भटू डाव्या हाताने असा चेंडू टाकायला लागला की कड्याला न लागता आत जायचा. ते कशामुळे झालं, मला आजही सांगता येणार नाही. कदाचित जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याकडे इतकं नीट पाहिलं होतं.

धुळ्याला आंतरकॉलेज सामने झाले. आमचा पहिला सामना सुरू झाला आणि लोक उठून उभे राहिले. भटू अलीकडे चेंडू मिळाला की टाकायचाच. पण चेंडू समोरच्यांकडे गेला की आम्ही पाचही जण मधल्या रेघेपाशी थांबायचो आणि ते त्यांचं उरकून येईपर्यंत वाट पाहायचो. कपाळावरचा घाम पुसायचो. एकाने तर नाडी बांधून घेतली. असं करू नये हे आम्हांला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही इतक्या फरकाने हरलो की पाटीवर आकडा लिहिणाऱ्याला खडू बदलावा लागला.

समोरच्या संघाचे कोच शिकलेले, शिट्टीवाले. ते आमच्याकडे आले.

"तुमचं ट्रेनिंग कुठलं?"

"आसाम," मास्तर म्हणाले.

"आणि हल्ली कुठे असता?"

"गणपतीना देऊळजवळ. काही शिवानं व्हई तं या."

सामना बघायला सुरतेच्या एका मिलचे साहेब आले होते. मिलचा स्वतःचा संघ होता आणि खेळाडू हेरून ते त्यांना मिलमध्ये नोकरी देत. पगार, राहायला खोली, सगळं. साहेबांनी भटूला बोलावलं. "हात सोन्याचा आहे तुझा. पण आमच्याकडे दोन्ही बाजूंना खेळणारा लागतो. दोन महिन्यांनी सुरतेला ये, परीक्षा घेऊ." मग मास्तरांना बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, हा मुलगा पुढे येईल का?"

मास्तर गंभीर झाले. "पहिले माप, मंग बात," म्हणाले आणि गळ्यातली टेप काढून, गडबडीत असेल, साहेबांचाच खांदा मोजला. "साहेब, तुमना उजवा खांदा उतरेल शे. शिंप्यानी तुम्हले फसाडेल शे." साहेब आपला खांदा चाचपत निघून गेले.

परतीच्या एस.टी.त मास्तर दोंडाईचापर्यंत टेप गुंडाळत आणि उलगडत राहिले. मग माझ्याकडे आणि भटूकडे वळून हळूच म्हणाले, "पोरेहो, मी एक गोट लपाडी ठेयी शे."

आम्ही ऐकायला लागलो.

"तठे आसाममा मन्हा तंबूले एकच खिडकी व्हती. तिन्हामातून कडाना एकच खांब दिखे. सोल्जर तिकडे गयात की मी मशीन चालाडू. तिकडे काय व्हस, माले आजलोंग माहीत नही."

सीटवर ते आणखी बारीक झालेले दिसले. मला हसू आलं होतं. पण भटूच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते गिळलं. त्याची नोकरी त्या न दिसलेल्या खांबापाशी अडकली होती. भटूने खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाला, "मास्तर, मंग आपण तिकडे बसूत ना."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी आपलं बसायचं खोकं उचलून मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवलं. आता चेंडू त्या बाजूला आला की ते पाहत आणि अलीकडे गेला की पाठ फिरवत. सवय माणसाला कुठवर नेते पाहा. पण त्या टोकाला बसून आठवड्याभरात त्यांच्या ध्यानात आलं की इथलं काम चेंडू टाकायचं नाही, टाकू न द्यायचं आहे. "हाई तं अस्तर शे," ते कपाळाला हात लावून म्हणाले. "दोन वरीस मी तुम्हले बिनअस्तरना कोट घाली फिराडं!"

अडवायला शिकवायचं, तर अंगावर येणारं कोणी हवं. मास्तर स्वतः उतरले. लेंगा वर खोचून, चेंडू पोटाशी धरून ते भटूच्या काखेखालून सटकत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेजवळची लग्नसराई, दुकानात कपड्यांचा ढीग, आणि शिंपी मैदानावर. गिऱ्हाइकं शोधत तिथेच यायची. कापडदुकानवाले मारवाडी शेठ एकदा मुलाच्या लग्नाचा कोट मागायला आले. "मास्टरजी, म्हारो कोट कठै?"

"देस ना, शेठ. जरासं अठे उभे राहा. या पोऱ्याले जाऊ देऊ नका."

शेठ उभे राहिले. त्यांच्या पोटाला वळसा घालून जाणं भटूला अर्धा तास जमलं नाही; अडवणं म्हणजे काय, ते त्याला त्या पोटापाशी कळलं. शेठना त्याची इतकी गोडी लागली की ते रोज पाच वाजता दुकान मुनिमावर सोपवून यायला लागले. मुलाचं लग्न जुन्या कोटावर झालं.

सुरतेला आम्ही तिघे गेलो. मिलच्या मैदानावर फरशी होती. मास्तर चपला काढूनच आत आले. भटू त्या दिवशी जसा खेळला तसा पुन्हा मी त्याला पाहिला नाही. मिलचे जुने खेळाडू त्याच्यापाशी येऊन थांबत, जणू वाटेत भिंत निघाली. आणि संधी मिळेल तेव्हा डावा हात. मास्तर पहिल्यांदाच पूर्ण वेळ मैदानाकडे तोंड करून बसले होते. मान सारखी इकडून तिकडे. शेवटी त्यांची मान अवघडली.

खेळ संपल्यावर मिलचे कोच साहेबांशी बोलत होते. उंचेपुरे, पांढऱ्या पँटीतले. आम्ही दोन पावलांवर उभे आहोत याची त्यांना पर्वा नव्हती.

"लडका अच्छा है. लेकिन सिखाया सब उलटा है. हाथ उलटा, पाँव उलटा. ये सब भुलाने में एक साल जाएगा. मुझे नहीं चाहिए."

साहेब विचारात पडले. भटूने मान खाली घातली. मी मास्तरांकडे पाहिलं. वाटलं, आता हे आसाम काढतील, वही काढतील, पाव इंच सांगतील. ते पुढे गेले. कोचच्या कोपराएवढे होते. हात जोडले.

"साहेब, उसवी टाका."

"क्या?"

"मन्ही शिलाई बठी उसवी टाका. कापड चांगलं शे. शिलाई उसवतांना कापडले तेवढं जपज्या."

कोचना अहिराणी कितपत कळली ठाऊक नाही. पण त्यांनी मास्तरांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, मग भटूकडे. "एक साल," ते साहेबांना म्हणाले. "देखते हैं."

गाडीत आम्ही दोघेच परत आलो. नवापूरच्या आसपास मास्तर म्हणाले, "चांगला मानूस दिखना. त्यानी पँट पन चांगली व्हती." आणि खिडकीकडे तोंड करून बसले ते नंदुरबार येईपर्यंत.

भटू मिलच्या संघात सात वर्षं खेळला. उजव्या हाताने. पुढे कॉलेजात डिग्रीवाले कोच आले. मास्तरांचा शाल देऊन सत्कार झाला आणि त्यांनी भर सभेत शालीचा काठ कसा कच्चा घातलाय ते प्राचार्यांना दाखवलं. मी शहाद्याला मास्तर झालो, शाळेतला. गावी आलो की दुकानात जायचो. भटूचं पत्र आलेलं असलं तर ते मला वाचायला लावत. पत्रात नेहमी दोनच गोष्टी असायच्या: तब्येत ठीक आहे, आणि हाताची बाही आता अमुक इंच आहे.

एका फेब्रुवारीत मास्तर गेले. दोन दिवसांचा ताप, बस. भटू सकाळच्या गाडीने सुरतेहून आला. अजून तसाच उंच, आता थोडा भरलेला. तिरडीला पुढे एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मी लागलो, मागे शेठ आणि मास्तरांचा पुतण्या. उचलली आणि गोंधळ झाला. भटूची बाजू हातभर वर, माझी खाली. मास्तर माझ्या अंगावर घसरायला लागले. गर्दीतून सूचना सुरू झाल्या. कोणी म्हणे भटूला मागे घ्या, कोणी म्हणे त्याला काढाच. शेठ घाबरून मारवाडीत देवाचं नाव घ्यायला लागले.

भटूने तिरडी सोडली नाही. त्याने गुडघे वाकवले. वाकवत वाकवत आपला खांदा माझ्या खांद्याच्या रेषेत आणला आणि तसाच चालू लागला. स्मशान मैलभर. वाटेत तिघा-चौघांनी खांदा बदलायला हात पुढे केला. त्याने नुसती मान हलवली. घाम डोळ्यांत उतरत होता, पण तिरडी जराही कलली नाही.

स्मशानात ती खाली ठेवली, तेव्हा भटूला सरळ होता येईना. शेठनी आणि मी दोन्हीकडून काखेत हात घालून त्याला उभं केलं.