आमच्या सरपंचबाई खंबीर होत्या म्हणे

शोभाताई मेल्या आणि माझा मोबाईल हँग झाला.

ही तक्रार मी पूर्ण गांभीर्याने नोंदवतो आहे. सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर त्यांचा तोच फोटो. खाली दिवा, वर कमळ, मधोमध एकच शब्द : खंबीर.

खंबीर नेतृत्व हरपले. खंबीर मातृशक्तीला वंदन. एकाने तर 'स्ट्राँग माइंडसेट' लिहून तीन वाघ टाकले.

स्टोरेज फुल. दूधवाल्याला 'उद्या दूध नको' एवढं कळवायचं होतं, तेही जाईना. गावाचं दुःख इतकं जड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शोभाताई आमच्या गावच्या सरपंच. तालुका चिखली. गावाचं नाव लिहीत नाही, सगळे मेंबर माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

मेथी-सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायच्या, बाजारात स्वतः विकायच्या. जागा महिला राखीव निघाली, तेव्हा लोकांनी गृहीत धरलं की खुर्चीत नामदेवभाऊ बसतील. म्हणजे त्यांचा नवरा.

भाऊ पहिल्या दिवशी बसलेही.

"उठा हो," ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "तुमी मेथी पाहा. इथचं मी पाह्यते."

मग त्यांनी एकच गुन्हा केला. टाकीचं पाणी आधी मेन रोडच्या घरांना जायचं, शेवटच्या वस्तीत पोचेपर्यंत त्याची करंगळीएवढी धार उरायची. ताईंनी क्रम उलटा केला. पाणी सोडणारा माणूस मेन रोडवाल्यांचा होता, तो दुसऱ्याच दिवशी काम सोडून गेला. तेव्हापासून व्हॉल्व्ह ताईच फिरवायच्या. पहाटे, स्वतः.

विरोधी गटाचे बबनराव मेन रोडला राहतात. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

शिव्या सुरू झाल्या, तेवढ्यात वरून मदत आली. पाणी सोडायला माणूस नाही आला. ट्रेनिंग आलं.

शेगावला एका लॉजच्या हॉलमध्ये महिला सरपंचांचं शिबिर. विषय : कणखर मन, यशस्वी नेतृत्व. ऐन उन्हाळ्यात कोट घातलेल्या ट्रेनरने सगळ्या बायांना छातीवर हात ठेवून ओरडायला लावलं, "मी हरणार नाही!"

ताईंनी हात वर केला. "सर, मी हरत नाई. मी थकते. त्याचं काई शिकवता का?"

"ताई, थकवा हा मनाचा खेळ आहे."

परत आल्यावर मला म्हणाल्या, "खेळ त्याचा, गुडघे माहे. मंग मी कचोरी खाल्ली अन् आली."

पुढे छातीत दुखायला लागलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, संभाजीनगरला जाऊन भरती व्हा, उशीर करू नका.

त्याच आठवड्यात बबनरावांचा अविश्वास ठराव.

संध्याकाळी ताईंच्या ओट्यावर त्यांच्याच गटाचे मेंबर चहा पीत बसले होते. मीही होतो.

"ताई, तुमी नसल्या तं आपले मेंबर फुटतात."

"डॉक्टर भरती व्हा म्हनते."

"डॉक्टर लोक भेव दाखवतेतच हो. तुमी तं वाघीन!"

"वाघिनीलेही छाती असते बे," नामदेवभाऊ म्हणाले.

सगळे हसले. ताईही हसल्या.

मी म्हटलं, तहसीलदारांना भेटून तारीख पुढे घेता येते का पाहू.

"लेखक, तुमी लेख लिहा," एक मेंबर मला म्हणाला.

मग ताईंनी विचारलं, "ठरावाचं सोडा. ठराव झाल्यावर आठ दिस कोनी पानी सोडते का? मी जाऊन येते."

उपसरपंचांना फोन आला. फोन वाजला नव्हता, तरी आला. एकाला म्हशीची आठवण झाली. चहा संपला, ओटा रिकामा झाला.

ठराव पडला. ताईंवर गुलाल पडला. भाषणात 'आयर्न लेडी' झालं.

त्यानंतर मी भेटलो की विचारायचो, "दवाखान्यात काऊन नाई गेल्या?"

"जाते ना भाऊ. पान्याले मानूस भेटला की जाते."

आज सकाळी व्हॉल्व्हजवळ बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

आमच्याकडे चिता पेटली की लगेच माईक पेटतो. स्मशानातच शोकसभा. पहिले बबनराव.

"संकटांसमोर खंबीर कसं उभं राहावं, हे ताईंकडून शिकावं."

संकट स्वतः माईकवरून बोलत होतं.

मग ओट्यावरचे चहावाले. वाघीण, वाघीण, वाघीण.

मग, "आता आपले लेखक दोन शब्द..."

मी म्हटलं, "ताईले दवाखान्यात जाचं होतं. आठ दिस पानी सोडाले एक मानूस पाह्यजे होता. आपल्या गावात भेटला नाई."

माईक परत दिला.

"लेखक, जागा पाहून बोलत जा," बबनराव कानाशी म्हणाले.

"जागा पाहूनच बोललो. एरवी ताई म्हनायच्या, जाऊ द्या भाऊ. आज तसं म्हननारं कोनी नाई."

एखाद्याला खंबीर म्हटलं की त्याच्या डोक्यावरचं ओझं उचलावं लागत नाही. हार घातला की झालं. हे कुठल्याच शिबिरात शिकवत नाहीत, तरी सगळ्यांना येतं.

उद्या पाणी कोण सोडणार? एवढ्या मेसेजमध्ये हा एक मेसेज मला सापडला नाही.

माझी आई गेली त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नव्हती. तेव्हा शोभाताई सरपंच नव्हत्या, नुसत्या गल्लीतल्या शोभाताई होत्या. भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या, मला बळंच दोन घास खायला लावले, भांडी घासली आणि निघून गेल्या. अशा भाकरीला कोणी थँक्यू म्हणत नाही. ती फक्त एकाच दिवशी परत करता येते.

भाकरी-पिठलं घेऊन ताईंच्या घरी गेलो होतो, आत्ता तिथूनच आलो. नामदेवभाऊ नको नको म्हणत होते. मी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि त्यांच्या हातात दिली.

"मीठ जास्त झालं," ते म्हणाले. पण खाल्लं.

भांडी घासून पालथी घातली.

ताई, नमस्कार. झोपा आता.