पितळी पंप

माझा पुढचा दात अर्धाच आहे. गिअरच्या सायकलवरून शाळेत जाणाऱ्या माझ्या नातीला वाटतं, आजीनं तो ऊस खाताना मोडला. ऊस खरा, पण खाताना नव्हे.

श्रीगोंद्याकडची आमची वस्ती, तिथून हायस्कूल लांब. दहावीला वडिलांनी त्यांची दांडीची सायकल मला दिली, पण एका अटीवर: "रस्त्याची एक जरी तक्रार घरी आली, तर सायकल भिताडाला आन तू चुलीपाशी." म्हणजे रक्त आलं तरी घरी बोलायचं नाही, एवढी अक्कल मला होती. बाकी अक्कल नव्हतीच.

पाटाच्या पुलावर शाळा सोडलेला एक पोरगा बसायचा. सायकलवर पोरगी दिसली, की चालत्या चाकात उसाचं टिपरं खुपसायचा. एके दिवशी माझं चाक जागेवर थांबलं. मी नाही थांबले. हँडलवरून उडून खडीवर तोंड आपटलं. अर्धा दात तिथंच राहिला. तो हसत होता. घरी सांगितलं, खड्ड्यात पडले.

दुसऱ्या दिवशी सायकलीचा पितळी पंप दप्तराखाली लपवून निघाले. मनातल्या मनात त्याला इतक्यांदा लोळवला होता, की मी स्वतःला सेनापतीच समजत होते. सेनापतीचा पहिला फटका स्वतःच्याच घंटीवर बसला. ती वाजली, तो सावध झाला. दुसऱ्या फटक्याला मात्र त्याचा खांदा खटकन निखळला. त्यानं चांगल्या हातानं माझी वेणी धरून मला कठड्यावर आपटलं. मी त्याचा कान चावला, तो सोडलाच नाही. तोंडातलं रक्त त्याचं की माझं, कोण जाणे! "आई गं, सोड!" म्हणून तो रडला तेव्हा सोडला, आणि वर दोन पंप पाठीत घातले. पंप पार वाकला.

आता गंमत बघा. आमच्या भागात निखळलेलं हाड बसवायचे ते माझेच वडील! संध्याकाळी त्याची आई त्याला घेऊन आमच्याच ओट्यावर हजर.

"कशानं झालं रं?" वडिलांनी विचारलं.

"बैलानं मारलं."

वडिलांनी कान निरखला. "बैल चावतो बी व्हय?"

खांदा पिळला तसा तो गुरासारखा ओरडला. मी दाराआड. गप्प बसले असते तर शाळा वाचली होती. पण माझा पराक्रम बैलाच्या नावावर जायला लागलेला, ते काही मला सोसेना.

"बैल न्हाई, मी मारलं!"

वडिलांनी अशी कानाखाली वाजवली, की उरलेला अर्धा दातही हलला. "सायकल बंद!"

"का गं मारलंस?" त्याच्या आईनं विचारलं. मी तोंड उघडून दात दाखवला.

"ह्यानं चाकात टिपरं घातलं."

तिनं पायातली चप्पल काढली आणि लेकाला नुकत्याच बसवलेल्या खांद्यासकट बडवला. "माझी धाकटी त्या पुलाला भिऊन घरी बसलीय, आन तिथं तूच बसतोस व्हय रं, मुडद्या?" मग धापा टाकत वडिलांकडं वळली. "भाऊ, सायकल बंद करू नका. उद्यापासनं माझी पोर हिच्यामागं बसंल."

वडिलांनी हाताचं तेल धोतराला पुसलं. मग म्हणाले, "सकाळी लवकर धाडा."

धाकटी चांगलीच वजनदार निघाली. चढाला माझा जीव जायचा, आणि ही मागून, "आक्का, हाण की जोरात!" वाकलेला पंप तिच्या मांडीवर असायचा. हवा काही त्यानं भरता येत नव्हती, तरी वर्षभर नेला.