ढग सांगणाऱ्या रूथबाई

"कशा आहात?" असं विचारलं की रूथबाई आधी वर बघायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. केडगावच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या संध्याकाळी सामान वाहून वाहून माझा पार पिट्ट्या पडला होता. गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेले, तर तिथे पांढऱ्या साडीतली एक उंच, सडसडीत बाई मान वर करून उभी. शेजारधर्म म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "आज वर सिरस आहेत. म्हणजे मी मजेत आहे." मनात म्हटलं, झालं! शेजार मिळाला तो असा.

भिंगारच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला होता. यजमान कधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. रविवारी सकाळी चर्च आणि रोज संध्याकाळी गच्ची, हा नेम. "प्रभूला रविवारी भेटते, ढगांना रोज," असं म्हणून स्वतःच हसायच्या. मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते. दिवसभर "नाव सांगा, वय सांगा, पुढे सरका" करून अंग नुसतं आंबून जातं. संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जावं, तर बाई हमखास धरायच्याच.

"घाबरू नकोस, आभाळाला तीनच मजले आहेत," त्या म्हणायच्या. "सगळ्यात वर सिरस, पिंजलेल्या कापसाचे धागे. तिथे पाणी नाही, नुसता बर्फ. मधल्या मजल्यावर आल्टो, ते छोटे छोटे पुंजके. खाली स्ट्रेटस, म्हणजे सरसकट चादर, आणि क्युम्युलस. त्याचं बूड सपाट आणि डोकं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं." मग आवाज खाली आणून सांगायच्या, "आणि एक क्युम्युलोनिंबस. तो भाडं न देता तिन्ही मजले अडवतो. त्याच्यापासून जपून." मी हो हो म्हणत कपड्यांच्या घड्या घालायची. खरं सांगते, तेव्हा माझं निम्मं लक्ष भाकरीच्या पिठात असायचं.

कोणी "बाई, पाऊस पडेल का?" विचारलं की मात्र त्या चिडायच्या. "मी ढग सांगते, पाऊस नाही सांगत!" हे वाक्य आमच्या इमारतीत पाठ होतं. एकदा वैतागून मी म्हटलं, "अहो बाई, आपल्या नगरला नुसते ढग येतात आणि जातात. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्यांनी कशाला वर बघायचं?" त्या म्हणाल्या, "भंडारदऱ्याच्या डोंगरात सगळा माल उतरवून येतात बिचारे. आपल्यापर्यंत पोचतो तो रिकामा टेम्पो. पण रिकामा आला म्हणून ओळख दाखवायची नाही का गं?"

तळमजल्यावर हौसाबाई राहतात. मूळच्या काष्टीच्या. उन्हाळ्यात त्या ऑर्डरीच्या कुरडया करतात. ते काम फार बेभरवशाचं. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, आणि भल्या सकाळी तो शिजवून सोऱ्याने गच्चीवर घालायचा. गहू एकदा भिजला की माघार नाही, फार तर पाणी बदलून एखादा दिवस थांबता येतं. घातल्या दिवशी ऊन पडलं नाही तर सगळं आंबून जातं. म्हणून कुरडया घालायच्या आधी हौसाबाई रूथबाईंना हाक मारायच्या, "बाई, आभाळ कसं हाय?" बाई वर बघून फक्त ढगाचं नाव सांगायच्या, आणि कोणत्या नावाला कुरडया घालायच्या हे हौसाबाईंना एव्हाना कळत होतं.

चीक शिजत असताना एकदा बाईंनी पातेल्यावरच्या वाफेकडे बोट दाखवलं. "हा बघा ढग. जमीन तापते, हवा हलकी होऊन वर जाते, वर गार पडते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. पण नुसत्या वाफेचं काही होत नाही. तिला टेकायला धुळीचा कण लागतो. धूळ नसेल तर ढग नाही."

हौसाबाई पळीने ढवळत म्हणाल्या, "मग नगरला ढगांचा तोटा पडायचा न्हाई. धूळ लई हाय."

गेल्या वर्षी चैत्रात ते झालं. मी कामावर होते. दुपारी खिडकीबाहेर एकदम अंधारून आलं, वीज कडाडली आणि असा काही अवकाळी कोसळला की दवाखान्याच्या पायऱ्यांवरून पाणी आत आलं. संध्याकाळी घरी आले तर गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर पांढरा लगदा पसरलेला, आणि हौसाबाई तो हाताने बादलीत भरतायत.

"बाईंना विचारलं नव्हतं का?" मी म्हटलं.

"इचारलं की. बाई म्हनल्या, सिरस हायेत, वर, पातळ. मला सकाळधरनं आभाळात गोळं गोळं दिसत हुतं. पन म्हनलं, बाई शिकलेल्या, माझ्या डोळ्यांचं काय घेऊन बसलाय!"

मी तशीच बाईंच्या दारात गेले. त्या अंधारात बसल्या होत्या. दिवा लावायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे. मला त्याने फरक पडत नाही." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काचबिंदू होता. कडेकडेचं दिसणं कधीच गेलं होतं, आता मधलंही धुरकट झालं होतं, आणि गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कित्येक महिने त्या वारा अंगावर घेऊन, ऋतू बघून, अंदाजाने ढग सांगत होत्या. आम्हा कोणाला पत्ता नव्हता.

"जाऊ द्या हो, पाऊस कोणाला कळतोय?" मी समजूत घालायला गेले.

"पाऊस चुकला असता तर माझं काही गेलं नसतं. मी पाऊस सांगतच नाही. ढग चुकला गं माझा." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. या बाईकडून ढग काढून घेतला तर हिच्याजवळ उरतं काय, हेच मला कळेना.

त्यानंतर त्या गच्चीवर आल्या नाहीत. जेवण निम्म्यावर आलं, चर्चलाही कोणी न्यायला आलं तरच जायच्या. मी डबा देऊन यायची, आणि खरं सांगायचं तर दमून परत यायची. त्यांना कसं उठवायचं हे मला सुचत नव्हतं.

सुचलं ते हौसाबाईंना. एका सकाळी त्या बाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, चीक तयार हाय. आभाळ सांगायला वर चला."

"हौसा, थट्टा करतेस? मला दिसत नाही."

"मला दिसतंय की! मी दिसल ते सांगते, तुमी नाव सांगा. मला कुठं नावं येत्यात?"

बाईंनी पायाने चपला शोधल्या. मग उठल्या. मी कामावर निघाले होते. जिन्यात त्यांनी माझा खांदा घट्ट धरला आणि एकेक पायरी चाचपत चढू लागल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "टेकायला धूळ लागते, सांगितलं होतं ना? आज तू धूळ." आम्ही दोघी हसलो. हसता हसता माझे डोळे भरून आले ते त्यांना दिसले नाहीत, बरंच झालं.

वर हौसाबाई म्हणाल्या, "मेंढीच्या लोकरीवानी हाय. लई देखनं."

"देखणं नको सांगूस. हात लांब कर, मूठ धर. एकेक पुंजका मुठीएवढा की अंगठ्याएवढा?"

"अंगठ्याएवढा."

"सावली आहे खालून?"

"हाय, हलकीशी."

"आल्टोक्युम्युलस," बाई म्हणाल्या, आणि पुष्कळ दिवसांनी त्यांची मान ताठ झाली. त्या दिवशी कुरडया कडकडीत वाळल्या. त्यानंतर सकाळी हौसाबाई आणि संध्याकाळी मी, असा पाळीने आम्ही त्यांना ढग सांगू लागलो. दमलेली असले तरी जायची. कधी चुकीचं सांगितलं की बाई ओरडायच्या, "नीट बघ! घाई दवाखान्यात कर!"

थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. जिना संपला. रोज दाराशी उभी राहून मी ढग सांगायची आणि त्या पडल्या पडल्या नाव सांगायच्या. पौषातल्या एका सकाळी मात्र दार उघडलं आणि सांगायला काहीच नव्हतं. "बाई, आज सुट्टी. आज नुसतं धुकं आहे."

त्या एकदम उठून बसल्या. "अगं, धुकं म्हणजे स्ट्रेटसच. जमिनीला टेकलेला ढग. मला जिना चढवत नाही म्हणून तो खाली आलाय. ने मला!"

शाल गुंडाळून मी त्यांना फाटकापाशी नेलं. अंगात काही राहिलं नव्हतं, चिमणीएवढं वजन. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोंड वर केलं आणि गालांवर ओल येऊ दिली. आयुष्यभर लांबून पाहिलेला ढग आता त्यांच्या पापण्यांवर बसला होता.

"तुला काय काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो बाई. समोरचं घर नाही, रस्ता नाही, माझा हातसुद्धा धड दिसत नाही."

"बघ," त्या म्हणाल्या, "म्हणजे आज आपल्या दोघींना सारखंच दिसतंय."

पुढच्या रविवारी त्या गेल्या. पण त्या सकाळी धुकं विरेपर्यंत आम्ही फाटकाशी उभ्या होतो, आणि मला कामावर जायला उशीर झाला.