पेटीतली फ्लोरा

रशियन झारांच्या आमच्या जुन्या राजवाड्यात, म्हणजे आताच्या संग्रहालयात, रिम्माने उमेदीची सगळी वर्षं गाइड म्हणून माणसं फिरवण्यात घालवली. बुटांवर चढवायच्या लोकरी सपाता दाराशी वाटायचं काम माझं, त्यामुळे तिचं पहिलं वाक्य मला पाठ आहे. "पाय उचलू नका, घासत चला. फरशी तुम्हीच पुसायची, तीही तिकीट काढून." लोक हसले की बाई खूश.

तिचा जीव मात्र बागेत. ऑक्टोबरात तिथल्या संगमरवरी मूर्तींवर थंडीसाठी लाकडी पेट्या चढतात, त्या मे महिन्यात उतरतात. हिवाळ्यात येणाऱ्यांना नुसती खोकी दिसायची, पण रिम्मा त्यांना खोक्यांपुढेही उभं करायची. "आत फ्लोरा आहे, फुलांची देवी. नाकाचा शेंडा उडालाय, पण तोरा बघा." आणि लोक खरंच बघत राहायचे. पेट्या चढण्याआधी एकेका मूर्तीचा निरोप घ्यायचा, हा तिचा नेम. फ्लोराचा सगळ्यात शेवटी.

गेल्या शरदात तिच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. एरवी कुणाला न भिणारी ही बाई पार हबकली. मला म्हणाली, "फ्लोराला न भेटता गेले ना, तर परत यायची नाही बघ मी."

नेमकी थंडी लवकर पडली. पीटर्सबर्गच्या दवाखान्यात जायला निघताना ती बॅग घेऊन बागेत आली, तर सगळ्या पेट्या बंद. शेवटच्या पेटीपाशी आमचा सुतार गेना हत्यारं आवरत होता.

"हिची एक फळी काढ रे," मी म्हटलं.

"साहेबांना विचारल्याशिवाय नाही."

"अरे, बाई ऑपरेशनला चाललीय."

"मग फ्लोरा काय सोबत जाणारे?" असं पुटपुटत त्याने पेचकस काढलाही. दोन स्क्रू निघाले, आणि रिम्माने त्याचा हात धरला.

"राहू दे."

"आता काय झालं, रिम्मा सावेल्येव्ना?"

"बघितलं की निरोप होईल. मला नाही घ्यायचा निरोप."

गेनाने स्क्रू परत पिळले.

"मग ऐका. ही पेटी तुमच्यासमोरच उघडणार. नाही आलात तर राहील तशीच."

"धमकी देतोस?"

"हो."

प्रवासाला निघण्याआधी घटकाभर बसायची आमच्याकडे रीत आहे, तसे आम्ही तिघं बाकावर टेकलो. मग ती गेली.

ऑपरेशन झालं, पण त्यामागून ताप आला, तो हिवाळा सरला तरी हटेना. मे महिन्यात बाकीच्या मूर्ती उन्हात आल्या, फ्लोरा पेटीतच. साहेब ओरडले, तर गेना म्हणाला, स्क्रू गंजलेत. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा म्हणाला, पेचकस हरवलाय. तिसऱ्यांदा त्यांनी नोकरीवरून काढायची भाषा केली. तरीही त्याने पेटी उघडली नाही.

जून अर्धा सरला तेव्हा रिम्मा लेकीच्या हाताला धरून आली. निम्मी झाली होती. गेनाने फळ्या उतरवल्या. ती मात्र फ्लोराकडे बघेना, त्याच्याकडेच बघत राहिली.

"वेड्या, मी आलेच नसते तर?"

गेना स्क्रू खिशात टाकत म्हणाला, "तर मग लोकांना फ्लोरा दाखवणार कोण होतं? बंदच बरी होती."