कडूबाची चाळणी

कडूबा, तुम्ही गेलात, आणि तुमच्यावर चार ओळी लिहा म्हणून तुमच्या खात्यातले लोक मागे लागलेत. त्यांना सांगण्यापेक्षा तुम्हालाच सांगते. आता तुम्ही मध्ये बोलणार नाही.

तीस वर्षं तुम्ही भोकरदनच्या शिवारातून टेलिफोनच्या तारा ओढल्या. खांबावरून पडलात, मनगट वाकडं जुळलं, तरी पुन्हा खांबावरच. रिटायर झालात तोवर लोकांनी घरातले फोन काढून टाकले होते. तुम्ही नुसते थकलेले दिसायचात.

२००९ साली मी लॅपटॉप आणि नेटचं डोंगल घेतलं. मी शाळेची मुख्याध्यापिका, पण ते यंत्र माझं ऐकेना. तुम्ही आलात ते स्वतःच्या गरजेपोटी, उगीच गोड कशाला बोलू? तुमचा शिवाजी मस्कतला, तीन वर्षं घरी नाही. जयवंताबाई अर्धांगवायूनं खाटेवर. त्यांना मुलाचं तोंड दाखवायचं होतं.

माझ्या भोकरदनच्या घरात सिग्नलची एकच काडी. तुम्ही माझी पिठाची चाळणी उचललीत, डोंगल मधोमध बांधलंत आणि गच्चीवर टॉवरकडे तोंड करून ती टांगलीत. म्हणालात, छत्री तयार. चार काड्या आल्या! तिथंच थांबायचं. पण तुम्ही पडलात लाइनमन. लॅपटॉप खाली खोलीत राहावा म्हणून डोंगल आणि लॅपटॉपमधली वायर कापून चाळीस फूट तार जोडलीत. लॅपटॉपला डोंगल दिसेचना. दोन दिवस सांधे सोडलेत, बांधलेत. शेवटी जालन्याच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, या वायरीला पंधरा फुटांपुढं दम नाही.

तुम्ही पायरीवर बसलात. "कोस कोस तार नेली म्या, बाई. हे चाळीस फूट न्हाई जात."

मग लॅपटॉपच गच्चीवर नेला. शिवाजी दिसला, तुकड्यातुकड्यानं. जेवला का, एवढंच तुम्ही विचारलंत. पण जयवंताबाई तुमच्या केदारखेड्याहून येऊन गच्ची चढणार कशा? तुम्ही घरी मोबाइलवरच्या काड्या मोजायला लागलात. कॅलेंडरवर दुधाचे आकडे लिहितो त्या चौकोनांत रोज लिहायचे, सकाळी किती, दुपारी किती. महिन्यानं ते कॅलेंडर गुंडाळून आणलंत.

"सकाळी सहा ते सात, लिंबाखाली, तीन काड्या बराबर. खाट तिथं आणतो. तुम्ही लॅपटॉप घेऊन एक डाव या."

मी म्हटलं, पोळा झाला की येते. पोळा झाला, गुडघे धरले. मग दसरा म्हटलं. मग दिवाळी. सकाळी सहाला पोचायचं म्हणजे आदल्या दिवशी मुक्काम, आणि जीपमध्ये कोंबून जायचा मला कंटाळा. तुम्ही दोनदा विचारलंत. तिसऱ्यांदा नाही.

जयवंताबाई मार्गशीर्षात गेल्या. तेराव्यानंतर तुम्ही येऊन गच्चीवरची चाळणी सोडलीत, घासून ओट्यावर पालथी घातलीत, चहा न घेता गेलात.

केदारखेडा जीपनं अर्ध्या तासावर आहे. लॅपटॉप मी एकदा पिशवीत भरलाही होता, कडूबा. स्टँडपर्यंत जाऊन परत आले.