शैलाताईंचा फ्रीज

शैलाताईंच्या अमेयचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये फ्रीजचं दार उघडून आत वाकले होते. "काकू, मॉम इज गॉन," एवढंच म्हणाला तो. मग मराठीत काहीतरी बोलायला हवं असं वाटून, जरा थांबून म्हणाला, "सकाळी... झोपेतच." मी "अरे देवा" म्हटलं, "निघतेच" म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा वाकून आतला थर्मामीटर बघितला. चार. माणूस गेल्याची बातमी कानात ताजी असताना ही बया फ्रीजचं तापमान बघत बसली होती, असं कुणाला सांगितलं तर मला वेड्यातच काढतील. पण शैलाताईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बरोबर केलंस, आधी ते बघायचं, रडणं कुठे पळून जातंय! या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. रडणं खरंच कुठे पळून गेलेलं नाही.

शैलाताई मूळच्या नागपूरच्या. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत पस्तीस वर्षं राहून, इथल्या हॉस्पिटलात डायबेटिसची नर्स म्हणून निवृत्त होऊनही त्यांचं नागपूर काही सुटलं नव्हतं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मंडळाच्या गणपतीत. आम्ही बायका पैठण्या सावरत आरतीला उभ्या, आणि या बाई कॉटनच्या साडीवर स्नीकर्स घालून प्रसादाच्या टेबलाशेजारी शुगर तपासायचं मशीन मांडून बसलेल्या. "मोदक खा ना बाप्पा, मी कुठे नाही म्हणते, पण आधी बोट दे!" चाळिशी ओलांडलेला एकही माणूस त्यांच्या तावडीतून सुटायचा नाही. माझ्या नवऱ्याला, महेशला, शुगर आहे हे आम्हाला डॉक्टरकडे नाही, गणपतीसमोर कळलं. तो तिसऱ्या मोदकाला हात घालत होता, तर या म्हणाल्या, "काहून रे, मरायची घाई आहे का?" मी पुण्याची. मला असं बोलणं मुळीच खपत नाही. त्या दिवशी मात्र मी मुकाट्याने त्याच्या ताटातला मोदक उचलला.

वर्षातून दोनदा त्या महिनाभर गायब व्हायच्या. कुठे जातात, तर बेरुतजवळच्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीत. आमच्या मंडळात यावर जे काय कुजबुजायचे ते कुजबुजायचे. तिकडचं राजकारण आपल्याला कशाला, आपल्याकडे गरीब नाहीत का, वगैरे. शैलाताईंबरोबर नोकरी करणारी आमाल नावाची नर्स त्या छावणीतच जन्मलेली. तिने एकदा सुट्टीवर जाताना "चल माझ्याबरोबर, दोन हात कमी पडतात" म्हटलं आणि या गेल्या, एवढीच हकीकत. आमाल सांगायची, तिच्या आजीला वाटलं होतं पंधरा दिवसांनी घरी परत जाऊ, म्हणून छावणीत पहिले वर्षभर तिने बोचकी सोडली नाहीत. आता तिथे चौथी पिढी जन्मतेय. तंबू जाऊन सिमेंटची घरं आली, एकावर एक चढली, गल्ल्या एवढ्या अरुंद झाल्या की प्रेत न्यायचं तर उभं करून न्यावं लागतं. पण देश नाही तो नाहीच. डॉक्टर झालेल्या मुलांनाही छावणीबाहेर डॉक्टरकी करायची परवानगी नाही. आणि वीज येते ती दिवसाकाठी काही तास, त्यातही नेम नाही.

वीज नाही म्हणजे फ्रीज नाही, आणि फ्रीज नाही म्हणजे इन्सुलिन उन्हाळ्यात टिकत नाही. यावर शैलाताईंनी काढलेला उपाय ऐकून मी हसले होते. माठ! नागपूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? एक मोठं मातीचं भांडं, त्यात एक छोटं, मधे ओली वाळू, वरून ओलं फडकं. आत प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिनच्या बाटल्या. त्या घरोघरी जाऊन हे बसवून द्यायच्या, वाळू कधी भिजवायची ते शिकवायच्या, आणि पुढच्या खेपेला गेल्या की आधी प्रत्येक माठात हात घालून बघायच्या. "तिथल्या म्हाताऱ्या मला हसल्या गं," एकदा सांगत होत्या, "म्हणे आमच्या गावी पाण्याला अस्सेच होते. मग हसता हसता एक जण रडायलाच लागली..."

इथली क्लिनिकं त्यांना न उघडलेले इन्सुलिनचे बॉक्स द्यायची, कायद्याने लागणारी सगळी पत्रंबित्रं आमाल बघायची. प्रश्न होता ते ठेवायचे कुठे. शैलाताईंचं अपार्टमेंट लहान, फ्रीज एकच. मी म्हटलं, आमच्या गॅरेजमध्ये दुसरा फ्रीज आहे, ठेवा की! इथल्या प्रत्येक मराठी घरात तो असतो. कॉस्टकोचं दूध, खवलेल्या नारळाची पाकिटं, भारतातून आणलेली भाजणी, सगळं त्यात. त्यातला मधला कप्पा मी त्यांना दिला. "थंड राहू दे, पण गोठू देऊ नकोस," त्यांनी बजावलं होतं. बॉक्सवर छापलेलंही होतं, गोठवू नका म्हणून. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीचे सव्वादोनशे मोदक माझ्याकडे होते. सारणाचे पाच ट्रे कुठे ठेवायचे? सगळ्या बायका स्वयंपाकघरात, कुणीतरी ओरडतंय, "मेधा, जागा कर गं पटकन!" मी मधल्या कप्प्यातले बॉक्स उचलले आणि वर फ्रीजरमध्ये नारळाच्या पाकिटांशेजारी सारले. एका रात्रीचा तर प्रश्न, थंडच ठेवायचंय ना. मग आरती, जेवणं, विसर्जन, आवराआवर. तिसऱ्या दिवशी आठवलं. बाटल्या दगड झाल्या होत्या. मी त्या खाली ठेवल्या. संध्याकाळी बघितलं तर पुन्हा पाण्यासारख्या नितळ, एकही फुटलेली नाही. जीव भांड्यात पडला. चालतं का हे, असं गूगल करायला दहा सेकंद लागले असते. मी केलं नाही. शैलाताई दोन मैलांवर राहात होत्या, फोन करता आला असता. तोही केला नाही. का, तर उत्तर काय येणार हे आतून माहीत होतं आणि सव्वादोनशे मोदकांचं कौतुक अजून अंगावर होतं. दसरा झाला आणि त्या बॉक्स घेऊन निघून गेल्या.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, भर दुपारी, मी मीटिंगमध्ये असताना. हॅलो नाही, काही नाही. "मेधा, फ्रीजचं काय झालं होतं? खरं सांग." मी सांगितलं. पलीकडे कुणाचं तरी मूल दूर रडत होतं. मग म्हणाल्या, "बरं. ठेवते." मी मीटिंगमध्ये परत गेले. माझा नंबर लागला तेव्हा कामाचं स्टेटसही दिलं. काय बोलले आठवत नाही.

नूर नऊ वर्षांची होती. तिचं शरीर इन्सुलिन बनवायचंच नाही, रोजच्या इंजेक्शनवर जगणारी मुलगी. त्या पंधरवड्यात छावणीतल्या दवाखान्याचा साठा संपला होता, म्हणून शैलाताईंनी आपले बॉक्स उघडले. साखर उतरेना. त्यांनी डोस वाढवला. तरी उतरेना. तिसऱ्या दिवशी पोरीला उलट्या सुरू झाल्या, श्वास वेडावाकडा चालायला लागला, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात आलं की औषधच मेलेलं आहे. शेजारच्या एका घरी, माठात, मागच्या खेपेची एक बाटली शिल्लक होती. ती चांगली होती. पण उशीर झाला होता. छावणीबाहेरच्या हॉस्पिटलात बेड मिळेपर्यंत आणखी उशीर झाला. नूर गेली. जिथे वीज नाही तिथे माठाने जे सांभाळलं, ते माझ्या दोन-दोन फ्रीजच्या घरात नासलं.

त्या परत आल्या ते मला आमालकडून कळलं. मी गेले नाही. तोंड कुठलं घेऊन जाणार? दोन आठवड्यांनी त्याच आल्या. बेल वाजवली, "चहा नको" म्हणाल्या आणि चपला न काढता थेट गॅरेजमध्ये. पर्समधून थर्मामीटर काढून मधल्या कप्प्यात लावला, पिशवीतून नवे बॉक्स काढून नीट रचले. मला वाटलं माझे डोळे मला फसवताहेत. "शैलाताई, इथे नका ठेवू," मी म्हटलं, "माझ्याकडे नका..." त्या वळल्या. "काहून? आता तू विसरणार आहेस का?"

मी रडायला लागले. माफ करा, माफ करा, हेच चाललं होतं माझं. त्यांनी मला जवळबिवळ घेतलं नाही. म्हणाल्या, "मला औषधावर संशय घ्यायला दोन दिवस लागले, मेधा. तीस वर्षं नर्सचं काम केलेली बाई मी. पण ते तुझ्याकडून आलं होतं ना, म्हणून डोक्यातच आलं नाही. ते माझं मला पुरेल मरेपर्यंत. तुझं तू बघ. माझ्याकडे काय माफी मागतेस? तिची आई आहे तिथे." आईला त्यांनी काय सांगितलंय, असं मी घाबरत विचारलं. "खरं तेच. औषध वाटेत खराब झालं होतं, माझ्या हातून दिलं गेलं. कुणाच्या घरी झालं ते नाही सांगितलं. ते तुझं काम आहे."

त्यानंतर प्रत्येक खेपेला, बॉक्स न्यायला आल्या की त्या एकच प्रश्न विचारायच्या, "येतेस?" आणि मी काहीतरी सांगायची. ऑफिसात नवं रिलीज आहे. ग्रीन कार्डचं काम अडकलंय. महेशची तब्येत. तिकडे बॉम्ब पडताहेत हो! ते शेवटचं तर खरंच होतं. एकदा विमानं बंद झाली आणि त्या तिथेच अडकल्या, तरी परत आल्या आणि पुन्हा गेल्या. त्यांनी कधी वाद घातला नाही. "बरं," म्हणायच्या, थर्मामीटर बघायच्या आणि निघायच्या. मला ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. घरात महेश त्याला शैलाताईंचा फ्रीज म्हणायला लागला. त्यात मी पुन्हा नारळ ठेवला नाही. गणपतीत मोदकांना हात लावला नाही.

मग त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. नियतीला काही लाजलज्जा नसते हेच खरं. जन्मभर दुसऱ्यांना इन्सुलिन देणाऱ्या बाईला शेवटी स्वतःलाच ते घ्यावं लागलं. हॉस्पिटलात मी बसलेली असताना त्यांची साखर वाढली, नर्सने फोन केला, आणि दहा मिनिटांत बाटली हजर. शैलाताईंनी ती हातात मागून घेतली, उजेडात धरून बघितली. "इतकं सोपं असतं बघ," म्हणाल्या. रागाने नाही. फार थकल्या होत्या. अमेय बाजूला उभा होता. त्याने विचारलं, "मॉम, यू ओके?" त्या त्याला "हो रे राजा" म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून, "फ्रीज किती?" मी म्हटलं, "चार." त्यांनी डोळे मिटले. आमचं शेवटचं बोलणं हेच.

पण त्या माझ्यासाठी एक चिठ्ठी ठेवून गेल्यात, ती त्याआधीची आहे. चालता येत होतं तोवर, आमालच्या गाडीतून त्या शेवटचे बॉक्स ठेवायला आल्या आणि फ्रीजच्या दारावर, आतल्या बाजूने, मोठ्या देवनागरी अक्षरांत अरबी वाक्य लिहिलेला एक कागद चिकटवून गेल्या. "या उम्म नूर, अद्-दवा तजम्मद बि-बेती." मी विचारलं, हे काय? "नूरच्या आई, औषध माझ्या घरी गोठलं. पाठ कर," म्हणाल्या. तिकडे आईला पहिल्या लेकराच्या नावाने हाक मारतात. लेकरू गेलं म्हणून नाव बदलत नाहीत. ती बाई अजूनही गल्लीत सगळ्यांची उम्म नूरच आहे. भाजीवाला तिला रोज त्याच नावाने हाक मारतो.

ते बॉक्स अजून आत आहेत आणि त्यांची मुदत फार उरलेली नाही. आमाल पुढच्या महिन्यात निघतेय. तेराव्याला मीच तिला म्हटलं, माझंही तिकीट काढ. तिने मान डोलावली. महेश म्हणतो, जा. अमेयने त्याच्या आईची औषधांची निळी बॅग आणून दिलीय, बॅगेच्या कप्प्यात अजून त्यांचा लवंगांचा डबा आहे.

रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी गॅरेजमध्ये जाते, दार उघडते. चार असतं. मग कागदासमोर उभी राहून मोठ्याने म्हणते. औषध, गोठलं, माझ्या घरी... एवढं आता न बघता येतं, आमालने उच्चारही सुधारून दिलेत. पण त्याच्या आधीची हाक आहे ना, ती काही केल्या तोंडातून निघत नाही. फ्रीज उघडा राहिला की बीप वाजायला लागतो. मी दार लावते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते.